दालींचं पान घेताना सही शेवटी बघा

दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सही आहे ना?" स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींच्या छापील चित्रांच्या, म्हणजे आमच्या भाषेत पानांच्या, बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. 1974 साली फ्रेंच कस्टम्सने शेजारच्या अँडोरा या छोट्या देशाकडे निघालेला एक ट्रक अडवला. आत 40,000 कोरे कागद, त्यांवर दालींची सही. सही खरी असली, तरी वरच्या कोऱ्या जागेत पुढे कोण काय छापणार, ते देव जाणे!

आमच्याकडे मुख्यतः इटालियन महाकवी दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या काव्यासाठी दालींनी काढलेल्या चित्रांची सुटी पानं असतात. दांतेच्या 700व्या जयंतीसाठी इटली सरकारने हे काम दालींना दिलं होतं. आमच्या महाकवीची चित्रं स्पेनच्या माणसाने काढायची का, म्हणून तिथे ओरड झाली आणि सरकारने अंग काढून घेतलं. दालींनी तरीही 100 जलरंगचित्रं पुरी केली. मग फ्रान्समध्ये कारागिरांनी ती लाकडावर कोरली. रंग एकावर एक छापायला लागलेले ठसे साधारण 3,500, म्हणजे एका चित्राला सरासरी 35.

पान असं ठशांनी छापलेलं आहे की नक्कल, हे भिंगाखाली लगेच कळतं. ऑफसेट यंत्रावर छापलेल्या नकलेत बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसतात. अस्सल पानात ठिपके नसतात. शाईचा एक थर दुसऱ्यावर चढलेला असतो आणि त्याची कड वेगळी दिसते. भिंग काउंटरवरच असतं, मागून घ्या.

नेहमीच्या प्रतींतल्या पानांवर पेन्सिलची सही नसायचीच. त्यामुळे सही नसलेलं पान कमअस्सल नव्हे. उलट पेन्सिलची सही दाखवून कोणी तिप्पट भाव सांगत असेल, तर आधी कागदपत्रं मागा. आम्ही कागदपत्रांशिवाय सहीचे वेगळे पैसे लावत नाही.

पान उजेडासमोर धरून जलछापही, म्हणजे कागदातच उमटवलेली कागद बनवणाऱ्याची खूणही, बघा. आर्श आणि रीव्ह या फ्रेंच कागदांच्या जलछापेत आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह 1980पासून आलं. 1960च्या दशकातलं म्हणून दाखवलेल्या पानात ते दिसलं, तर सरळ परत द्या.

पान घरी नेल्यावर लॅमिनेशन नको, डिंक नको, पावसाळ्यात ओल येणारी भिंत तर नकोच. तपकिरी ठिपके पडले की ते काढणं खर्चाचं काम. फ्रेममध्ये चित्राला लावायचा पुठ्ठा, म्हणजे माउंट, ॲसिड-फ्री घ्या. आणि फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कडेचा पांढरा कागद कापू नका. एका गृहस्थांनी सुताराकडून तो कापून घेतला होता. पान अस्सल होतं, पण आम्हाला ते निम्म्या भावातही घेता आलं नाही.

घरात जुनं पान असेल तर फ्रेमसकट घेऊन या. बघायचे पैसे घेत नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून मात्र किंमत सांगणार नाही.