ऑफिसातली ताजी हवा कमी कशी झाली?

एसीच्या झोताखाली बसलेली बाई शाल गुंडाळून टाइप करतेय, कोणीतरी वरच्या जाळीला पुठ्ठा चिकटवलाय, आणि खिडकीजवळचा मात्र घामाघूम. गारठा-उकाड्याचं भांडण सगळ्यांना दिसतं, हवेचं कोणी बोलतच नाही.

खरंतर सुरुवात हवेपासूनच झालेली. 1858 मध्ये माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं की खोलीतला कार्बन डायऑक्साइड 1000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 1000 भाग) वर गेला की हवा कोंदट समजा. म्हणजे तो गॅस तेवढ्याने विषारी होतो असं नाही, आत माणसं किती आणि बाहेरची हवा किती येतेय याचा तो अंदाज. पुढे 1895 मध्ये अमेरिकेतल्या इंजिनियरांनी माणशी मिनिटाला 30 घनफूट ताजी हवा धरली, मग 1930 च्या दशकात घामाचा वास जाण्यापुरती किती लागते यावरून आकडा 10 वर आला. नुसता वास जाण्यापुरती! आणि 1973 च्या तेलसंकटानंतर तर बाहेरची हवा गार किंवा गरम करायला वीज-इंधन जातं म्हणून बिल्डिंगा घट्ट बंद केल्या, खिडक्या उघडेनात, आणि 1981 मध्ये जिथे सिगारेट ओढत नाहीत अशा जागांसाठी अमेरिकेतल्या एसी-इंजिनियरांच्या संस्थेच्या, म्हणजे अॅशरेच्या स्टँडर्डमध्ये किमान आकडा 5 झाला. त्याच काळात डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, घरी गेलं की बरं वाटणं अशा तक्रारी वाढल्या, 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हे नाव तेव्हाचंच. नवं कार्पेट, गोंद, फर्निचर यातनं सुटणारे वायू आतच फिरत राहिले की अजून काय होणार. 1989 मध्ये ऑफिससाठी आकडा परत 20 वर नेला.

गारव्याचं गणित वेगळंच चाललेलं. डेन्मार्कच्या फँगर या संशोधकाने 1970 मध्ये कपडे, हालचाल, आर्द्रता सगळं धरून कम्फर्टचं सूत्र मांडलं, पण हिशोबातला सरासरी माणूस हा पुरुष होता, बायकांचं शरीर बसल्या कामात कमी उष्णता तयार करतं हे 2015 च्या एका पेपरने दाखवलं तेव्हा शालीचा उलगडा झाला. जपानने 2005 मध्ये सरळ कोट-टाय काढायला लावून एसी 28 डिग्रीवर नेला, मला हा उपाय सगळ्यात शहाणा वाटतो.

आता बाहेर जाणाऱ्या हवेतला गारवा आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रं आहेत, कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर पण आहेत, फक्त तो सेन्सर पॅसेजमध्ये लावला तर बंद मीटिंग रूममध्ये बारा जण पेंगत असले तरी तो बिचारा सगळं ठीक आहे असंच दाखवणार.