गलांड्याला लाड सोसत नाहीत

फुलबाजारात झेंडूच्या ढिगाशेजारी तांबड्या पाकळ्यांच्या, पिवळ्या टोकांच्या फुलांची रास दिसते, तो गलांडा. नर्सरीवाले त्याला गॅलार्डिया म्हणतात. तो आपल्याकडे इतका रुळलाय की इथलाच वाटतो, पण त्याचं माहेर टेक्सास, ओक्लाहोमा आणि उत्तर मेक्सिकोतली रेताड माळरानं. ओक्लाहोमाचं ते १९८६ पासून अधिकृत रानफूल आहे.

पाणी बेताचं असेल, तर बागेत पहिल्यांदा हेच लावावं, असं माझं मत. मात्र शेणखताची पाटी जरा बाजूला ठेवा. गलांडा वर्षायू आहे. टेक्सासात शरद ऋतूत बी रुजतं, हिवाळाभर पानांचा चक्राकार झुपका जमिनीला चिकटून बसतो आणि मुळं पसरतात. वसंतात फुलं येतात. जमीन कोरडीठाक पडली, झाड वाळलं, तरी तोवर मातीत पडलेलं बी पुढच्या पावसाची वाट बघत राहतं. कसदार मातीत आणि भरपूर पाण्यात झाड नुसतं माजतं, फांद्या लोळतात, फुलं कमी येतात. पाणी साचलं तर मुळं कुजतात. मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि दिवसभर ऊन, एवढं त्याला पुरतं. रोपं लहान असेपर्यंत पाणी द्यावं लागतं. मूळ धरलं की दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं.

पान भिंगाखाली धरा. त्यावर बारीक लव दिसेल. या लवेमुळे पानालगतची हवा थोडी स्थिर राहते आणि बाष्प उडण्याचा वेग कमी होतो.

फूलही दिसतं तसं नाही. एक फूल म्हणजे शेजारीशेजारी दाटीने बसलेली कितीतरी इवली फुलं. कडेच्या, तीन दात्यांच्या रंगीत ‘पाकळ्या’ ही वांझ फुलं; त्यांचं काम कीटकांना बोलावण्याचं. बी धरतं ते मधल्या गोंड्यात. त्याच्या मूळ प्रदेशात ‘शिनिया व्होल्युपिया’ नावाचा पतंग याच फुलावर बसतो. त्याचे रंगही असेच तांबडे-पिवळे, त्यामुळे जवळ जाऊनही तो चटकन ओळखू येत नाही. त्याच्या अळ्याही गलांड्यावरच पोसतात.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी, ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत बी टाकता येतं. ते खोल पुरू नका, वरून माती भुरभुरली की झालं. साधारण अडीच-तीन महिन्यांत फुलं सुरू होतात. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर झाड नव्या कळ्या काढत राहतं, कारण बी धरलं की त्याची ताकद तिकडे वळते. हंगाम संपत आला की मात्र काही गोंडे झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बियाणं तेच. खुडताना हातमोजे घातलेले बरे. या झाडाच्या रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते.