रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं की बॅटरी टिकते?

‘गाडी उभी असेल तर रोज पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा, बॅटरी उतरत नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगला आहे, पण हिशोब जुळत नाही.

गाडी बंद असली तरी लॉक, अलार्म, घड्याळ थोडी वीज खातात. समजा, 30 मिलीअँपिअर. दिवसाला पाऊण अँपिअर-तास (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप), महिन्याला एकवीस-बावीस. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची, म्हणजे निम्म्याहून जास्त संपली! त्यात स्टार्टर एका झटक्यात शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) मंद फिरतो, वर दिवे, पंखा, एसी चालू. बॅटरीला पुरेसं चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. बंद गॅरेजमध्ये तर हे करूच नका, धूर जीवघेणा असतो.

स्वतः तपासा. साधा मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. आता पाच मिनिटं इंजिन चालवा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. आकडा फारसा हललेला नसेल.

आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. महिनाभर गावाला जाणार असाल तर मायनसची वायर काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग मात्र पुन्हा करावं लागेल. पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप थांबणारा चार्जर सर्वांत उत्तम.