हरित चहाच्या अर्कापासून एपिकॅटेचिनपर्यंत: मस्क्युलर डिस्ट्रॉफीतल्या एका आशेची पार्श्वभूमी

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या, स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं सविस्तर वर्णन फ्रेंच डॉक्टर गियोम ड्यूशेन यांनी १८६०च्या दशकात केलं, पण मूळ कारण हाती लागायला १९८७ पर्यंत थांबावं लागलं. एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात बिघाड असल्याने डिस्ट्रॉफिन हे प्रथिन बनत नाही. त्याच्या आधाराअभावी साध्या हालचालीनेही स्नायुपेशीचं आवरण फाटतं, कॅल्शियम आत शिरतं, दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. पुढे स्नायूची जागा चरबी घेते.

१९८९ साली प्रेडनिसोन या स्टिरॉइड औषधाने मुलांची ताकद वाढते हे चाचणीत दिसलं. मात्र वजन वाढणं, हाडं ठिसूळ होणं, उंची खुंटणं ही त्याची किंमत आहे. वर्षानुवर्षं हे औषध घेणाऱ्या मुलाचे आईवडील सौम्य पर्याय शोधणारच.

दाह आणि ऑक्सिडीकरण रोखणारे म्हणून फ्लेव्होनॉइड, म्हणजे चहा, कोको अशा वनस्पतींतले घटक, साहजिकच पुढे आले. डिस्ट्रॉफिन नसलेल्या एमडीएक्स उंदरांमुळे ते तपासणंही शक्य झालं. २००२ मध्ये हरित चहाच्या अर्काने या उंदरांच्या काही स्नायूंमधली पेशींची हानी कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. क्वेर्सेटिन या दुसऱ्या फ्लेव्होनॉइडची कथा जास्त बोलकी आहे: सुरुवातीचे काही महिने उंदरांचं श्वसन चांगलं टिकलं, पण वय वाढलं तसा लाभ ओसरला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण अल्पकाळाच्या प्रयोगात ही उतरण दिसलीच नसती.

माणसांमधला पुरावा तुटपुंजा आहे. कोकोतल्या एपिकॅटेचिनचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेकर या तुलनेने सौम्य प्रकाराचे फक्त ७ रुग्ण होते, मुदत ८ आठवड्यांची आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. स्नायूंच्या नमुन्यांत आशादायक बदल दिसले, पण एवढ्यावर उपचार ठरत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात ड्यूशेनच्या मुलांना हरित चहातलं ईजीसीजी हे फ्लेव्होनॉइड दिलं गेलं. ते सुरक्षित ठरलं, तरी स्नायूंच्या कामगिरीत ठोस फरक पडला नाही.

‘वनस्पतीचंच तर आहे’ म्हणून स्वतःहून गोळ्या सुरू करणं इथे विशेष धोक्याचं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हं दिसू शकतात. अशी इजा रक्तातल्या एएलटी, एएसटी या विकरांवरून ओळखतात. पण स्नायू झिजत असल्याने या मुलांमध्ये दोन्ही आकडे आधीच वाढलेले असतात. त्यामुळे कुठलंही पूरक सुरू असेल तर डॉक्टरांना सांगून जीजीटी ही स्नायूंच्या झिजेने न वाढणाऱ्या, यकृताशी निगडित विकराची चाचणीही करून घ्यावी.