पालकातलं लोह, दशांश चिन्ह आणि "संशोधनात सिद्ध झालंय"

परवा इंदूरला रामबागेत नातेवाइकांकडे पोहे खात बसलो होतो, तिथे मावशी सुनेला म्हणाली की हिमोग्लोबिन कमी आलंय ना, मग पालक खात जा, भरपूर लोह असतं त्यात. लगेच भाचा म्हणाला, "अगं मावशी, ते सगळं चूक आहे, एका जर्मन केमिस्टचं दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि लोह दहापट झालं, संशोधनात सिद्ध झालंय हे." मावशी गप्प. संशोधनाचं नाव निघालं की पुढे कोण काय बोलणार!

पण कुठलं संशोधन? ही दशांश चिन्हाची गोष्ट गाजली ती 1981 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन या रक्तविकारतज्ज्ञांनी लिहिलेल्या लेखामुळे, आणि त्या लेखात या गोष्टीला संदर्भच दिलेला नाही. 2010 मध्ये माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञांनी माग काढत काढत मागे जाऊन बघितलं, तर त्या चुकीचा पुरावाच मिळाला नाही. मग 2014 मध्ये नॉर्वेचे संशोधक ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी दाखवून दिलं की नंतरचे लेखक एकमेकांचाच हवाला देत राहिले, मूळ कागद उघडायची तसदी कोणी घेतली नाही. म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवायला जी गोष्ट सांगतात तीच बिनबुडाची.

आणि लोहाचं म्हणाल तर 100 ग्रॅम ताज्या पालकात साधारण 2.7 मिलिग्रॅम असतं. पण त्यातलं 91 टक्के पाणीच, म्हणजे ते लोह उरलेल्या 9 ग्रॅममध्ये आहे, त्यामुळे वाळवलेल्या पालकाचा आकडा 100 ग्रॅमला 30 च्या घरात जातो. ताजा की वाळलेला एवढा एक शब्द गळला की दशांश चिन्हाला हात न लावता दहापट फरक! वर त्यातलं थोडंच लोह आपल्या अंगी लागतं, ते वेगळंच.

मला खरं सांगायचंय ते हेच, की संदर्भ हातोहात जाताना अटी कशा गळतात. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे 10 जानेवारी 1980 च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधलं पोर्टर आणि जिक यांचं पत्र, अवघ्या पाच वाक्यांचं. हॉस्पिटलात भरती असलेल्या 11,882 पेशंटना अफूवर्गातलं वेदनाशामक औषध दिलं होतं, आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त 4 जणांना ते लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात आहे. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अक्षर नाही. 2017 मध्ये त्याच जर्नलमध्ये हिशोब छापून आला: पत्राचा उल्लेख 608 ठिकाणी, त्यातल्या 72.2 टक्के ठिकाणी "व्यसन क्वचितच लागतं" याचा पुरावा म्हणून, आणि 80.8 टक्के ठिकाणी हे पेशंट हॉस्पिटलात भरती होते हे सांगितलेलंच नाही. 1990 च्या दशकात ऑक्सिकॉन्टिन ही याच वर्गातली वेदनाशामक गोळी बाजारात आल्यावर तर हे उल्लेख आणखी वाढले, आणि अमेरिकेत पुढे या गोळ्यांनी किती घरं उद्ध्वस्त केली ते जगाने बघितलं. पत्र खरं, जर्नल नावाजलेलं, आकडेही बरोबर, तरी त्यावर उभा केलेला दावा खोटा.

आपल्याकडे "नासाने म्हटलंय" हा असाच हुकमी एक्का आहे. दर दिवाळीला फिरणारा तो रंगीबेरंगी भारताचा फोटो दिवाळीच्या रात्रीचा नाहीच. तो अमेरिकेच्याच नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वर्षांचे उपग्रह-फोटो एकावर एक ठेवून केलाय, 1992 पासून 2003 पर्यंत कुठे दिवे वाढले हे रंगांतून कळावं म्हणून. हे नासानेच 2012 मध्ये स्पष्ट केलं, तरी लोक सोडत नाहीत, आणि सूर्यातून ॐ ऐकू येतो म्हणणारेही नासाचंच नाव पुढे करतात.

म्हणून वाद घालताना नुसतं जर्नलचं नाव फेकू नका, वर्ष सांगा, कोणावर केलं, किती जणांवर, कुठल्या परिस्थितीत तेही सांगा, आणि समोरच्याकडूनही तेच मागा, मग ती मावशी असो की डॉक्टर. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या वेबसाइटवर बहुतेक पेपरचा सारांश फुकटात वाचता येतो, मोबाइलवरसुद्धा. त्या 1980 च्या पत्रावर तर आता जर्नलने स्वतःच टीप टाकली आहे की हे पत्र फार ठिकाणी आणि न तपासता वापरलं गेलंय. टीप पडायला 37 वर्षं लागली, पत्र वाचायला मिनिटभरही लागत नाही.