मसल कारच्या इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड

मध्यम आकाराच्या अमेरिकी गाडीत मोठे व्ही-८ इंजिन, म्हणजे व्हीच्या आकारात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचे, बसवले की मसल कार तयार होते. १९६४ ची पाँटियॅक जीटीओ ही या प्रकारातली पहिली गाडी मानली जाते; १९७० नंतर प्रदूषणाचे नियम आणि विम्याचे वाढते दर यांनी या गाड्यांचा बहर ओसरला. आज अशा गाडीचे इंजिन नव्याने बांधताना सर्वांत जास्त चुका कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) निवडताना होतात, आणि त्या बहुतेक एकाच दिशेच्या असतात: गरजेपेक्षा मोठा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम.

या इंजिनांत एकच कॅमशाफ्ट असतो, सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मध्ये, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरचे सोळा उंचवटे, म्हणजे लोब, टॅपेट उचलतात. टॅपेट पुशरॉड या सळईला, पुशरॉड रॉकर या तराजूसारख्या हलणाऱ्या हाताला आणि रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. शेव्हरलेच्या स्मॉल-ब्लॉक, म्हणजे लहान बांधणीच्या व्ही-८ मध्ये रॉकरचे गुणोत्तर १.५ असल्याने लोबची उंची व्हॉल्व्हपाशी दीडपट होते. (मुंबईच्या टॅक्सीचे प्रीमियर पद्मिनी इंजिनही पुशरॉडचेच होते; तिथे टॅपेट सेट करणाऱ्या मेकॅनिकला ही रचना परकी वाटणार नाही.)

व्हॉल्व्ह किती उघडतो ते लिफ्ट, आणि क्रँकचे किती अंश उघडा राहतो ते ड्युरेशन. जाहिरातीतल्या ड्युरेशनवर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनी ते वेगळ्या उंचीपासून मोजते. टॅपेट ०.०५० इंच उचलल्यापासून पुन्हा तेवढाच उरेपर्यंत मोजलेला आकडाच एकमेकांशी ताडून पाहता येतो.

ड्युरेशन वाढले की इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा) उशिरा मिटतो. तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत धावणाऱ्या मिश्रणाचा वेगच इतका असतो की ते पिस्टनला न जुमानता आत शिरत राहते, आणि ताकद वाढते. इंजिन हळू फिरत असेल तर तेच मिश्रण मागे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इनटेकच्या नळ्यांत, ढकलले जाते. म्हणून मोठा कॅम खालचा पिकअप खातो आणि वरच्या आरपीएमला तो परत देतो. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) मुळातच कमी असेल, १९७१ नंतरच्या इंजिनांसारखे साडेआठच्या आसपास, तर हा तोटा दुप्पट जाणवतो.

गाडी रस्त्यावर कुठल्या आरपीएमला चालते हे त्यामुळे आधी मोजावे. २६ इंच व्यासाचे टायर आणि ३.०८ चा मागचा अॅक्सल (चाकाच्या एका फेरीला त्याला फिरवणाऱ्या शाफ्टचे ३.०८ फेरे) असेल, तर टॉप गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन सुमारे २,४०० आरपीएमने फिरते. ४.१० चा अॅक्सल बसवला तर तेच ३,२०० च्या जवळ जाते. शहरात, सिग्नल ते सिग्नल, आकडा याहून खालीच राहतो. ६,५०० ला ताकद देणारा कॅम अशा गाडीत बसवणे म्हणजे कधीही न येणाऱ्या प्रसंगासाठी रोजचे सुख देऊन टाकणे.

शेव्हरलेचेच तीन कॅम शेजारी ठेवले की फरक कळतो. ३०० अश्वशक्तीच्या ३५० घनइंच इंजिनातल्या कॅमचे ड्युरेशन ०.०५० इंचाला इनटेकचे १९५ आणि एक्झॉस्टचे (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) २०२ अंश होते. शांत, भरवशाचा, पण वर लवकर दमणारा. १९६५ च्या एल-७९ इंजिनाचा, म्हणजे ३२७ घनइंचातून ३५० अश्वशक्ती काढणाऱ्या इंजिनाचा कॅम दोन्हीकडे २२२ अंशांचा होता. तिसरा, शेव्हरलेचे अभियंते डन्टॉव्ह यांच्या नावाचा डन्टॉव्ह ३०-३०, २५४ अंशांचा. दोन्ही व्हॉल्व्हना ०.०३० इंचाची मोकळीक (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) द्यायची, त्यावरून ३०-३० हे नाव पडले. १९६७ ते ६९ च्या कॅमेरो झेड/२८ च्या ३०२ घनइंच इंजिनात तो होता आणि शर्यतीसाठी तो योग्यच होता. पण त्या गाडीला चार गिअरचे मॅन्युअल आणि ३.७३ चा अॅक्सल होता, हे विसरून तो ऑटोमॅटिक गाडीत घालतात. रस्त्यावरच्या ३५० साठी २०५ ते २२५ अंशांचा पट्टा पुरेसा आहे. दोन कॅममध्ये मन अडकले तर लहान घ्यावा.

मोठ्या कॅमचा मोह खरा तर कानाला पडतो. आयडलिंगला येणारा तो अडखळता, धडधडता आवाज ओव्हरलॅपमुळे येतो: दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहतात आणि जळलेला वायू इनटेककडे उलटतो. इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधले अंतर १०८ अंश असेल तर आवाज रांगडा होतो, ११२ ते ११४ असेल तर नितळ. रांगडेपणाची किंमत व्हॅक्यूमने, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या कमी दाबाने, चुकते. व्हॅक्यूम पाऱ्याच्या पंधरा इंचांच्या बराच खाली गेला की त्याच्यावर चालणाऱ्या पॉवर ब्रेकचे पेडल कडक होते, आणि दीड टनाच्या गाडीत ती गंमत राहत नाही. ऑटोमॅटिकला जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा टॉर्क कन्व्हर्टरही मग लागतोच.

नव्या कॅमसोबत स्प्रिंगही त्याच जोडीच्या घ्याव्यात. पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हाताने फिरवून व्हॉल्व्हपासूनचे अंतर तपासावे, इनटेकला ०.०८०, एक्झॉस्टला ०.१०० इंच ही सर्वमान्य मर्यादा. चपट्या (रोलर नसलेल्या) टॅपेटच्या कॅमला शेवटची काळजी सुरू करताना घ्यावी लागते. आजच्या बऱ्याच तेलांत झीज रोखणारे झिंक कमी असते, म्हणून झिंक असलेले ब्रेक-इन तेल भरावे, कॅमवर जाड लेप द्यावा, आणि इंजिन पेटताच आयडलिंगला न ठेवता वीस-तीस मिनिटे २,००० ते २,५०० आरपीएमवर चालवावे, म्हणजे लोबांवर तेल उडत राहते आणि टॅपेट आपल्या जागी फिरायला लागतात.