मीठ तेलात विरघळत नाही

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक गंजली की कोकणात पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि थंडीच्या पहाटे काडतुसावर आदळणारी पिन जखडते. दमट हवेत ते खवट होतं, त्यातून सुटलेली आम्लं धातूला खातात. पण तेल कुठलं हा प्रश्न नंतरचा, आधी मीठ.

आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्केसुद्धा पुरतात. म्हणून देवगड-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात नळीवर बसलेला कण जवळजवळ बारा महिने ओलाच. त्या थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्यभागी कमी. एवढ्या फरकावर एक इवलीशी बॅटरी चालू होते: मध्यभागी लोखंड विरघळतं, इलेक्ट्रॉन पोलादातूनच कडेला जातात, तिथे ऑक्सिजन आणि पाण्यापासून हायड्रॉक्साइड बनतं, आणि दोघांची गाठ पडते तिथे गंज धरतो. क्लोराइडमुळे ही बॅटरी जोरात चालते. वरून तेल चोपडलं तरी थेंब खाली शाबूत, कारण फोडणीच्या तेलात मीठ विरघळत नाही तसंच इथेही.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या बंदुकीत तर हे दुप्पट खरं. काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त क्षार मागे उरतात. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट ४३ टक्के आर्द्रतेतच पाझरतं. ते पाण्यानेच निघतं.

केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढा, गज (दारू ठासायची सळई) नळीत सोडून बार भरलेला नाही याची खात्री करा. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या चिंध्या, काळं येणं थांबेपर्यंत. लगेच कोरड्या चिंध्या, चिंधी कोरडीच बाहेर येईपर्यंत. काडतुसाच्या बंदुकीची काजळी मात्र सॉल्व्हंटने, म्हणजे ती विरघळवणाऱ्या द्रावणाने निघते.

आता तेल. शिलाई मशीनचं तेल घर्षण कमी करतं, पण पाणी त्याच्याखाली शिरतं. डब्यावर 'रस्ट प्रिव्हेंटिव्ह' लिहिलेलं घ्या. त्यातल्या सल्फोनेट रेणूंचं डोकं पोलादाला घट्ट धरतं, शेपटी तेलात राहते, पाण्याला जागा उरत नाही. 'नॅनो' शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. चिंधीवर चार-पाच थेंब नळीला पुरे. नळी मोडून उघडते त्या बिजागरीच्या पिनेला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. घोड्याच्या यंत्रणेत एकच थेंब, जास्त झालं की धूळ धरून चिकटा होतो, घोडा मंद पडतो आणि बार फुसका जातो. त्यावर नजर लागली म्हणून लिंबू उतरवतात. उतरवायचा असतो तो चिकटा. खंडेनवमीला हळदकुंकू दस्त्याच्या लाकडावर लावा, नळीवर लागलं तर त्याच दिवशी पुसा, कारण ती पूड ओल धरते.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्यापूर्वी तेलाचा थर जाड ठेवा. परत आली की बार भरण्याआधी नळी कोरडी पुसून काढा. आत तेल किंवा ग्रीस राहिलं तर दारू खराब होते आणि नळीतला दाबही वाढू शकतो. घरी ती कुलपात, नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात मुरत नाही. चामड्याच्या खोळीत नको, खोळ ओल सोडत नाही.